मशीन फुकट, वाट विकत: घाटंजी तालुक्यातल्या एका डायलिसिसचा हिशेब

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकाराच्या घराचं आहे. डायलिसिस, म्हणजे किडनी निकामी झाल्यावर मशीनने रक्त गाळणं, सुरू झालं तेव्हा त्याचं वय ४६. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मधे तुरीच्या ओळी, एक बैलजोडी, एक म्हैस. घरात बायको, कॉलेजला जाणारी मुलगी, नववीतला मुलगा आणि म्हातारी आई. धाकटा भाऊ शेजारीच, वेगळ्या चुलीवर. रेशनकार्ड केशरी. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि रुग्णालयांची नावं दिलेली नाहीत. खर्चाचे आकडे त्या घरच्या वहीतले आहेत. ही वही मुलगी लिहायची. एका पानावर डायलिसिसची तारीख, वजन आणि त्या दिवशी गेलेला पैसा.

आरोग्य अर्थशास्त्रात मी आधी विमा योजनांवर काम केलं, मग वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनावर, आणि अलीकडे उपचारानंतर माणसाचं पुढे काय होतं यावर. सरकारदरबारी हे तीन विषय तीन वेगळ्या टेबलांवर असतात. या घरात ते एकमेकांना चिकटलेले होते. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या गळ्याशी येत होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आजार कसा वाढला

२०१८ मध्ये गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. तिथे बीपी मोजलं, वरचा आकडा १७० च्या पुढे. चिठ्ठीवर गोळी लिहून दिली. ती त्याने महिनाभर घेतली, डोकं दुखायचं थांबलं आणि गोळीही थांबली. पुढच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाल्या असत्या. पण केंद्र अकरा किलोमीटरवर, ओपीडी सकाळची, आणि एका खेपेला गोळ्या मिळत आठ-दहा दिवसांच्या. म्हणजे महिन्यात तीन दिवस त्यातच जाणार. निंदण-डवरणीच्या दिवसांत, काहीच दुखत नसताना, हे कोण करेल? दुखत होती ती कंबर. तिच्यासाठी गावातल्या दुकानातून दुखीची गोळी घेणं चालू होतं, रोज एक, फवारणीचा पंप पाठीवर असला की दोन. अशा गोळ्या सतत घेतल्या तर किडनीला इजा होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बीपीने किडनी गेली, की किडनी आधीच बिघडत होती आणि तिनेच बीपी चढवलं, हे आता सांगता येणार नाही. शिबिरात रक्त तपासलंच नव्हतं. पण दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी बीपी ताब्यात राहिलं असतं, तर किडनी इतक्या लवकर हातची जाण्याचा धोका कमी झाला असता.

२०२० च्या दिवाळीनंतर, पहिल्या वेच्याच्या दिवसांत, पाय सुजले. रात्री आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसून राहायचा. यवतमाळला नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा, ११ च्या वर होतं. मानेत नळी टाकून त्याच रात्री पहिलं डायलिसिस झालं.

कार्ड चाललं

त्या रात्री विम्याने आपलं काम चोख केलं, हे आधी नोंदवायला हवं. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, आरोग्यमित्राने, रेशनकार्ड आणि आधार घेतलं, फोटो काढला, मंजुरी आली. घरच्यांना मशीनसाठी एक पैसा भरावा लागला नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राज्य सरकारची जीवनदायी ही आरोग्य विमा योजना सुरू झाली, त्यांत विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने चालू लागली आणि एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारतला जोडली गेली. हे झालं नसतं तर या घराने त्या रात्रीच बैलजोडी विकली असती. योजनेच्या आधीच्या काळात अशी विकलेली जनावरं आणि गहाण पडलेली वावरं मी पुष्कळ घरांत नोंदवली आहेत.

पण संरक्षण केशरी कार्डाला त्या वेळी कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं होतं. हिशेबासाठी एका डायलिसिसचे दीड हजार धरा. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४, म्हणजे एक लाख ५६ हजार. दीड लाख तिथेच संपले. त्यात डायलिसिसच्या सुईसाठी करायची हाताच्या नसेची शस्त्रक्रिया, म्हणजे फिस्टुला, आणि मधली एखादी भरती आलेलीच नाही. जगभरात आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास, हे डायलिसिसचं सर्वसाधारण प्रमाण मानतात. त्या प्रमाणाने खर्च दोन लाख ३४ हजारांवर जातो. म्हणजे विम्याची मर्यादा फक्त पैशाची राहिली नाही, औषधाच्या मात्रेचीही झाली. या रुग्णाच्या बाबतीत वर्ष संपायला दीड महिना उरला असताना लिमिट संपलं. सरकारी केंद्रात नाव लावलं, पण तिथे नंबर लागायला वेळ गेला आणि त्या काळात आठवड्याला एकच डायलिसिस मिळालं. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी मर्यादा पाच लाख झाली आहे. हे गणित तेवढ्याने सुटतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

विम्यावरच्या चर्चेत एक भीती नेहमी मांडली जाते, की फुकट मिळालं तर लोक गरजेपेक्षा जास्त उपचार घेतील. अर्थतज्ज्ञ मार्क पॉली यांनी १९६८ मध्ये अर्थशास्त्राच्या भाषेत ती नेमकी मांडली आणि काही उपचारांना ती लागूही पडते. पण सुई टोचून चार तास खुर्चीत बसायला कोणी हौसेने जात नाही. इथला प्रश्न उलटा होता. फुकट असलेली गोष्ट त्याला पुरेशी घेता येत नव्हती.

वही

गावातून घाटंजीपर्यंत ऑटो, तिथून यवतमाळला एसटी. बायको सोबत जायची, कारण परतताना त्याला चक्कर यायची. वहीत एका खेपेचे आकडे जवळपास सारखेच आहेत. ऑटोचे दोघांचे जाऊन-येऊन ८०. तिच्या एसटीचे ११०. चहा-नाश्ता, कधी जेवण, ८०. झाले २७०. त्याशिवाय तिची बुडालेली मजुरी. वेचणीच्या दिवसांत कापूस किलोवर वेचतात आणि ती सकाळपासून बसली तर अडीचशेच्या आसपास पाडायची. ही रक्कम मुलीने वहीत लिहिली नव्हती. पैसे हातातून गेले नाहीत तर खर्च कसा, असं तिचं म्हणणं होतं. मी विचारून विचारून ती वेगळ्या रकान्यात भरली. महिन्याला आठ-नऊ खेपा. शिवाय रक्तवाढीची इंजेक्शनं आणि गोळ्या यांचे दीड हजार, कारण रुग्णालयात त्या बऱ्याचदा शिल्लक नसायच्या. सगळं मिळून महिन्याला सहा हजारांच्या घरात.

वर्षाचे ७२ हजार. त्या वर्षी बी-खत-फवारणी जाता वावरातून हातात आलेल्या पैशाच्या हे अर्ध्याहून जास्त होतं. बायको म्हणाली, “मशीन फुकट हाय ताई, पण वाट इकत घ्या लागते.”

देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही मोठी घट आहे. पण सोबत गेलेल्या बाईची बुडालेली रोजी त्या लेख्यांत येतच नाही. रुग्णालयाच्या काउंटरवरून मोजलं तर हे घर शून्य खर्चाचं. अंगणातून मोजलं तर उद्ध्वस्त व्हायला निघालेलं. आम्ही संशोधक कुठे उभं राहून मोजतो यावर उत्तर ठरतं, आणि तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनात तर ही पहिली पायरी आहे: खर्च कोणाच्या बाजूने मोजायचा, योजनेच्या की समाजाच्या?

वहीत त्याच्या एसटीचा खर्च सुरुवातीला आहे, मग नाही. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीत पूर्ण सवलत आहे. दाखला मिळवायला चार महिने गेले, पण पास झाला. २०२१ च्या दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे विम्याचं कार्ड होतं, एसटीचा पास होता, हातावर चांगला चालणारा फिस्टुला होता आणि यवतमाळला सकाळी सातच्या पाळीत खुर्ची होती. सरकार देऊ शकेल असं बहुतेक सगळं.

ऑक्टोबरच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. कामगारांच्या मागण्यांचं दुःख वेगळं आणि खरं होतं, ते इथे मांडत नाही. गाड्या पुरत्या सुरळीत व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. काळीपिवळी होती, पण ती सीटा भरल्याशिवाय निघत नाही आणि पहाटे पाचला कोणीच निघत नाही. सातची पाळी गाठायची तर स्वतंत्र गाडी करायची, १,४०० रुपये. पाळी बदलून मागितली, दुपारच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. डिसेंबरच्या पानावर नऊऐवजी पाच तारखा आहेत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चारऐवजी एक. वजनाचा रकाना मात्र मुलीने भरत ठेवला होता, गावच्या दुकानातल्या काट्यावर: ५४, ५५.५, ५७, ५८.५. जेवण वाढलं नव्हतं. हे अंगात साठत गेलेलं पाणी होतं.

संक्रांतीच्या मागेपुढे छातीत पाणी भरून त्याला अतिदक्षता विभागात दाखल केलं. पाच दिवस. योजनेने तोही खर्च दिला. चुकलेल्या सात खेपांचं गाडीभाडं दहा हजारांच्या आत बसलं असतं. त्या भरतीचा क्लेम त्याच्या कितीतरी पट होता. भरती झालेल्या माणसाचा खर्च योजनेला दिसतो, तो मंजूर करायला नियम आहे, पॅकेज आहे, कोड आहे. भरती टाळणारी गाडी तिला दिसत नाही.

हे बदलणं आपल्या व्यवस्थेला अनोळखी नाही. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडणं मोफत आहे. बाळंतपणात प्रवास हा उपचाराचाच भाग आहे, हे आपण धोरण म्हणून मान्य केलं आणि गाडीवर पैसे खर्च केले. बाळंतपण एकदा असतं, डायलिसिस वर्षाला शंभर वेळा, म्हणून खर्च मोठा दिसेल. पण एका तालुक्यातले तीन-चार रुग्ण एकाच पाळीला लावले तर एक गाडी पुरते. खुर्च्यांचं वेळापत्रक गावं पाहून लावणं, याला पैसे लागत नाहीत, कोणीतरी बसून यादी करावी लागते.

दुसरं तंत्र चाललं असतं का?

घरच्या घरी होणारं पोटाचं डायलिसिस, पेरिटोनियल, हा पर्याय त्याच्यापुढे कोणी ठेवला नव्हता. पोटात कायमची नळी बसवतात. बहुतेकांना दिवसातून चार वेळा, सहसा दोन लिटरची द्रावणाची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढायची. वाट वाचते, सोबतीची रोजी वाचते. योजनेच्या बाजूने पाहिलं तर पिशव्यांचा महिन्याचा खर्च आठवड्याला दोनदाच्या मशीनपेक्षा जास्त येतो, म्हणून ते महाग ठरतं. घराचा खर्च धरला की फरक बराच आटतो.

तरी मी या घरासाठी ते डोळे झाकून सुचवलं नसतं. महिन्याला अडीचशे लिटरच्या आसपास द्रावण ठेवायला जागा हवी. घर टिनाचं, आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ वर जातो. हात धुऊन, बंद खोलीत, झाकून पिशवी बदलावी लागते. चूक झाली तर पोटात जंतुसंसर्ग, आणि तो जिवावर बेततो. म्हशीचं दूध काढून आलेल्या बाईने हे दिवसातून चार वेळा करायचं तर महिनाभराचं शिक्षण आणि दर आठवड्याला घरी येणारी नर्स हवी. तंत्राची परिणामकारकता नळी आणि पिशवीत नसते, त्या नर्सच्या फेरीत असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचं जे काम केलं, त्यात गावातल्या बायकांनी बाळाचा श्वास मोजणं, ऊब देणं, इंजेक्शन देणं शिकून घेतलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलेला दिसतो. साधनं साधी होती, माणसं पक्की तयार केलेली होती. पोटाच्या डायलिसिसला विदर्भात अशी माणसं मिळाली तर माझं मत बदलेल.

किडनी प्रत्यारोपण हा सगळ्यात चांगला पर्याय होता, आयुष्य आणि खर्च दोन्ही बाजूंनी. बायको द्यायला तयार होती. तपासण्यांसाठी नागपूरच्या फेऱ्या सुरू व्हायच्या होत्या.

शेवटचा क्लेम

जुलै २०२२ मध्ये यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, सगळीकडे अतिवृष्टी झाली. गावाच्या अलीकडच्या नाल्यावरचा रपटा तीन दिवस पाण्याखाली होता. लागोपाठची दोन डायलिसिस चुकली. चौथ्या दिवशी सकाळी तो घरीच वारला.

इथे माझ्या कामातली सर्वांत मोठी अडचण येते. योजनेच्या संगणकात या माणसाचा शेवटचा क्लेम जुलैचा आहे, मंजूर, पैसे अदा. त्यापुढे काहीच नाही. दुसऱ्या रुग्णालयात गेलेला, प्रत्यारोपण झालेला आणि मेलेला, तिघेही त्या नोंदीत सारखेच दिसतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये आहे, पण ते रजिस्टर आणि योजनेची यादी एकमेकांना कधी भेटत नाहीत. किती डायलिसिस झाली हे आपण दरवर्षी छापतो. सुरू केल्यानंतर किती जण वर्षभर जगले, हे छापायला हवं. त्यासाठी नवीन सर्वेक्षणही लागणार नाही. दोन याद्या जोडायच्या आहेत, आणि खासगीपणा जपून हे करता येतं.

गोळीकडे परत

१९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेत रँड संस्थेने विम्याचा मोठा प्रयोग केला, जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली. काही कुटुंबांना उपचार पूर्ण फुकट, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. पैसे भरावे लागणाऱ्यांनी सुमारे ३० टक्के कमी खर्च केला आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. हा निष्कर्ष सगळे सांगतात. त्यातला दुसरा भाग कमी सांगितला जातो: गरीब आणि बीपी असलेल्या लोकांना मोफत उपचारांचा ठळक फायदा झाला, कारण त्यांचं बीपी सापडलं आणि ताब्यात आलं. फुकट दिल्याचा फायदा जिथे दिसला ती जागा आपल्या योजनेच्या बाहेर आहे. आपली योजना भरतीवर पैसे देते. ओपीडीतल्या गोळीवर नाही.

डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ मधल्या मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा लकवा हे सर्वांत मोठं कारण निघालं, १४.३ टक्के. लकव्यामागे बऱ्याचदा बीपी असतं. ‘शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार’ ही समजूत त्या आकड्याने मोडायला हवी होती. २०१८ च्या सुमारास केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे आले त्यांत भंडारा आणि वर्धा होते. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मला वाटते ती म्हणजे एकदम ३० दिवसांच्या गोळ्या, आणि त्याही उपकेंद्रातून. याच कास्तकाराला २०१८ मध्ये तेवढं मिळालं असतं तर महिन्याचे तीन दिवस वाचले असते.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने फार पूर्वी ज्वारीच्या विम्याची योजना चालवली. सुगीला घरात धान्य येतं तेव्हाच, ऐपतीप्रमाणे, ज्वारी द्यायची. गावातली किमान ७५ टक्के घरं आली तरच गाव घ्यायचं, म्हणजे फक्त आजारी घरंच विमा घेतील ही अडचण राहत नाही. आणि गावातच औषध देणारी व्यक्ती. विम्याचं पुस्तकी शास्त्र ज्या अडचणींवर पानं भरतं, त्या तिथे गावकऱ्यांबरोबर बसून सोडवल्या गेल्या. अवघ्या राज्याला ज्वारी गोळा करता येणार नाही, पण विमा गावातल्या औषधापासून सुरू होतो हा त्यातला क्रम उचलता येतो.

या घरावर आज बचत गटाचं आणि नातेवाइकांचं मिळून एक लाख दहा हजारांचं कर्ज आहे. मुलगी कॉलेज करून घाटंजीला एका दुकानात हिशेब लिहिते. धाकट्या भावाचं बीपी तेरवीनंतर आशाताईंनी मोजलं, १६८/१०२ निघालं. क्रिएटिनिन १.३, म्हणजे किडनीवर ताण दिसतो, पण सावरायला वाव आहे. दुखीची गोळी त्याने बंद केली. बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातून महिन्याच्या मिळतात. वेचणीच्या हंगामात त्याला जायला जमत नाही, म्हणून दसऱ्याला तिथल्या ताई दोन महिन्यांच्या एकदम देतात. क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी पाहायचं ठरलं आहे. ती तपासणी मात्र अजून घाटंजीलाच होते, आणि त्या दिवसाची रोजी त्याची जाते.